मुलीच्या विरुद्ध वीस डॉलर

तारीख, ऑक्टोबरातला तिसरा शुक्रवार. ऑस्ट्रेलियात तेव्हा शनिवारची दुपार होती. रक्कम, दोनशे चव्वेचाळीस अमेरिकन डॉलर. ठिकाण, अमेरिकेतल्या बॉथेलमधलं सबनीसांचं घर. हजर तिघं: सबनीसकाका, नीलाकाकू आणि मी. काकू ओट्यापाशी चकलीचं पीठ मळत होत्या. काकांच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि पडद्यावर बँकेचं परदेशी पैसे पाठवायचं पान उघडलेलं होतं. पैसे जायचे होते ऑस्ट्रेलियात, त्यांच्या मुलीला, अनुजाला, दिवाळीची भेट म्हणून.

"काका, ते बटण दाबू नका," मी म्हणालो.

"का रे? फी जास्त लागते का?"

फीचा प्रश्न नव्हता. ते पैसे अनुजाच्या खात्यात पडले असते तर तिचं लायसन्स जाण्याची पाळी आली असती. ते कसं, हे कळायला आधी माझं काम काय आहे ते सांगावं लागेल.

मी टिप्स लिहितो. ऑस्ट्रेलियातल्या शनिवार-रविवारच्या घोड्यांच्या शर्यतींच्या. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं की मी बरीच वर्षं "डेटामध्ये आहे" असं सांगत असे. माझी बायको वैशाली शेजारी उभी असली की लगेच म्हणायची, "घोड्यांमध्ये आहे, असं सांग की." आमचं ऑफिस एका डेंटिस्टच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही चौघं. मालक ग्रेग हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावचा. अमेरिकेत बसून तिथल्या शर्यतींवर कायदेशीरपणे पैसे लावणारे लोक पुष्कळ आहेत, कारण तिथली शनिवारची दुपार म्हणजे आमची शुक्रवारची संध्याकाळ. आठवड्याचं काम संपलेलं असतं, इथली मैदानं रिकामी असतात आणि तिथे घोडे धावत असतात. अशा गिऱ्हाइकांना आम्ही वर्गणी घेऊन अंदाज विकतो. तिथल्या फुटबॉलचे आणि क्रिकेटचेही अंदाज असतात, पण ते काम दुसरी दोघं बघतात. माझ्याकडे घोडे.

काम असं चालतं. आमच्याकडच्या बुधवारी शनिवारच्या शर्यतींची नावं पक्की होतात. एका मैदानावर आठ शर्यती, एकेका शर्यतीत दहा-बारा घोडे. प्रत्येक घोड्याची मागची धाव, पाठीवरचं वजन, अंतर, जमीन कोरडी की ओली, शर्यत सुटते त्या फाटकातली जागा आतली की बाहेरची, वर जॉकी कोण, हे सगळं मांडून मी प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढतो. एका शर्यतीतल्या सगळ्या शक्यतांची बेरीज शंभर यावी लागते. एकाला वाढवलं की दुसऱ्याचं कमी करावं लागतं. हा नियम मला आवडतो. माणसांच्या बाबतीत आपण सगळ्यांनाच वाढवून सांगतो.

मग त्या शक्यतेचा भाव करायचा. तिथे चार डॉलर भाव म्हणजे एका डॉलरला चार परत, त्यात आपला एक धरून. म्हणजे लोकांच्या मते तो घोडा शंभरात पंचवीस वेळा जिंकेल. मला तीस वाटत असेल तर घ्यावा, वीस वाटत असेल तर सोडावा. तो घोडा जिंकला तरी सोडावा. आमची टिप म्हणजे नुसतं घोड्याचं नाव नव्हे, तो किती भावाला घ्यावा हे. उन्हाळ्यात इंडियन दुकानात हापूस येतो. हापूस चांगला की वाईट, असं आपण विचारत नाही, पेटी कितीला हे विचारतो. तसंच. पण गिऱ्हाइकांना भाव नको असतो, नाव हवं असतं. पिस्कॅटवेचे एक गृहस्थ सहा वर्षं आमचे वर्गणीदार आहेत. ते माझे सगळे आकडे वाचतात, समजून घेतात, कधी चूक असली तर दाखवतातही, आणि शेवटी ज्या जॉकीचा शर्ट हिरवा असेल त्याच्यावर पैसे लावतात. मी एकदा विचारलं, "मग वर्गणी कशाला भरता?" ते म्हणाले, "आपण काय नाकारतोय ते माहीत असावं."

मी स्वतः पैसे लावत नाही. सगळ्यांचे पैसे एका सामाईक गल्ल्यात जमतात, त्यातून आधी चालवणाऱ्यांचा हिस्सा निघतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे खेळणाऱ्यांची मिळून बेरीज नेहमी उणे असते. वर्गणी घेताना हे मी प्रत्येकाला सांगतो. आजवर एकाच माणसाने ते ऐकून वर्गणी भरली नाही.

सबनीसकाकांची ओळख मंडळातली. विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनिअर होते, हायड्रॉलिक्समध्ये. एकुलती एक मुलगी अनुजा, जन्म इथलाच. कॉलेजात असताना सुट्टीत एका घोड्यांच्या फार्मवर काम करायला गेली, तिथून ऑस्ट्रेलियाला एका ट्रेनरच्या तबेल्यात, आणि बघता बघता जॉकी झाली. आता न्यू साउथ वेल्समधल्या लहान गावांच्या मैदानांवर शर्यतीत उतरते. मंडळात कोणी "मुलगी काय करते?" विचारलं की काकू म्हणायच्या, "ऑस्ट्रेलियाला असते," आणि विषय बदलायच्या. काका मात्र सांगायचे, आणि वर जॉकी होण्यासाठी किती वर्षांची उमेदवारी लागते तेही सांगायचे.

आमच्या यादीत अनुजाची मैदानं आहेत असं कळल्यावर त्यांनी त्याच दिवशी वर्गणी भरली. त्यांचं घर माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच. त्यामुळे शुक्रवारी घरी जाताना मी चहाला थांबू लागलो. अनुजाची शर्यत असली की आम्ही तिघं ती बघायचो. काकू उभ्या राहून बघायच्या, एक हात तोंडावर. काका माझा त्या आठवड्याचा तक्ता हातात धरून विचारायचे, "आज तिला सगळ्यात जड कोण?"

मला वाटे, बापाची काळजी.

त्या शुक्रवारी अनुजाचा घोडा सहावा आला. जिंकला तो, ज्याला मी तक्त्यात पहिला धरला होता. काका म्हणाले, "चला. पंचावन्न आले."

"कसले पंचावन्न?"

त्यांनी उत्साहाने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मे महिन्यापासून अनुजाच्या चौतीस शर्यतींत त्यांनी वीस-वीस डॉलर लावले होते. एकदाही अनुजाच्या घोड्यावर नाही. प्रत्येक वेळी तिला सगळ्यात जड असलेल्या दुसऱ्या घोड्यावर.

"तुम्ही तिच्या विरुद्ध पैसे लावता?"

"विरुद्ध काय म्हणतोस? इन्शुरन्स आहे तो." काका समजावण्याच्या सुरात आले. "हे बघ, विमानात हायड्रॉलिक पंप एकच ठेवत नाहीत. एक बंद पडला तर दुसरा असतो. ती जिंकली तर आपल्याला आनंद, वीस डॉलर गेले तर गेले. हरली तर ते वीस डॉलर काहीतरी घेऊन येतात. ते साठवायचे आणि तिला द्यायचे. हरल्याचं वाईट वाटायला नको पोरीला. सहाशे ऐंशी लावले, नऊशे चोवीस आले. दोनशे चव्वेचाळीस वर. सगळे तिचे."

"आणि तिच्यावरच का नाही लावले?"

यावर काकूच बोलल्या. "आपल्याच लेकरावर पैसे लावायचे? दृष्ट लागते."

मी चहाचा कप खाली ठेवला. शर्यतींच्या धंद्यात जॉकीवर येऊ शकणारा सगळ्यात वाईट आळ कोणता, तर घोडा मुद्दाम मागे ठेवल्याचा. जॉकीला स्वतः कुठल्याही शर्यतीवर पैसे लावता येत नाहीत. तिच्या हरण्यावर कोणी पैसे कमावले आणि त्यातला एक डॉलर जरी तिच्यापर्यंत पोचला, तर स्टुअर्ड, म्हणजे तिथले शर्यतींचे पंच, दुसरं काही बघत नाहीत. आता त्यांच्या जागी बसून बघा. जॉकीचा बाप परदेशात बसलाय. ती ज्या ज्या शर्यतीत उतरते, त्यात तिच्याविरुद्धच्या घोड्यावर पैसे लावतोय. सरासरीपेक्षा बरा जिंकतोय. आणि नफा तिच्या खात्यात पाठवतोय.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा कोरा झाला. "पण तिला यातलं काही माहीत नाही."

"तेच तिला सिद्ध करावं लागेल."

"मग नाही पाठवत. डिलीट करतो. विषय संपला."

"काका, लावलेले पैसे डिलीट होत नाहीत. तिथल्या गल्ल्यात प्रत्येक पैसा कुठून आला त्याची नोंद असते. आज ना उद्या कोणीतरी सबनीस हे आडनाव दोनदा वाचेल. त्याआधी तिने स्वतः जाऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी."

"आणि आम्ही तिला नाहीच सांगितलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर सोमवारी मला त्या पंचांना सांगावं लागेल. आमच्या ऑफिसचा तसा नियम आहे, आणि नसता तरी..."

"छान!" काकूंनी पिठाचा गोळा ताटात आपटला. "इतके शुक्रवार इथे बसून चहा प्यायलास, आणि आता आमच्याच पोरीची चहाडी करणार? घरातली गोष्ट आहे ही. घोड्यांचे आकडे सांगून लोकांचे पैसे घालवतोस तेव्हा कुठे जातात तुझे नियम?"

काकांनी पैसे पाठवायचं पान बंद केलं आणि व्हिडिओ कॉल लावला.

अनुजाची त्या दिवशीची शेवटची शर्यत झालेली होती. ती गाडीत बसली होती, केस ओले, गालावर चिखलाचा एक शिंतोडा तसाच. मलाही ती काकाच म्हणते. "हाय बाबा. हाय काका. आई कुठेय? आय नो, आय नो, सहावी. ही वॉज टायर्ड, बिचारा."

काकांनी सांगितलं. पंपांसकट सांगितलं.

मग ती म्हणाली, "यू बेट अगेन्स्ट मी?"

"अगं, विरुद्ध नाही. हरलीस तर..."

"थर्टी-फोर टाइम्स?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून, अनू."

"बाबा, मी दर वेळी जिंकायलाच जाते. एव्हरी सिंगल टाइम. पन्नासला एकचा घोडा असला तरी. आणि तुम्ही तिथे बसून..." तिने तोंड फिरवलं. गाडीच्या काचेतून मागे घोड्यांचे ट्रक दिसत होते. पुन्हा वळली तेव्हा आवाज सरळ होता. "काका, डिड एनी मनी कम टू मी? कधीही? वाढदिवसाला वगैरे?"

मी म्हणालो, "या खात्यातून एक पैसाही बाहेर गेलेला नाही. मी आत्ता बघितलंय."

"ओके. स्टुअर्ड्स अजून इथेच आहेत. त्यांची लास्ट रेस बाकी आहे. मी आत्ता जाते."

"आत्ता?" काकूंनी पुढे येऊन विचारलं. "जरा विचार तरी करून..."

"आई, विचार केला तर मी जाणार नाही." आणि फोन बंद झाला.

मी ग्रेगला त्याच संध्याकाळी फोन केला. त्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "हा माणूस मूर्ख आहे का?"

"नाही. इंजिनिअर आहे."

"हं," ग्रेग म्हणाला. "मग सगळे कागद बनवायला घे."

चौकशी होईपर्यंत अनुजाला शर्यतीत उतरायला बंदी झाली. आठवडाभराने फोनवर सुनावणी ठरली. स्टुअर्डांनी काकांना हजर राहायला सांगितलं, आणि आमच्या तक्त्यांवरून काका घोडा निवडत होते म्हणून मलाही.

त्या आठवड्यात मी जे काम केलं ते या नोकरीतलं सगळ्यात मन लावून केलेलं. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: अनुजाने घोडा मागे ठेवला होता का? मनात काय होतं ते आकड्यांत दिसत नाही. पण आमचे तक्ते प्रत्येक शर्यतीच्या आधी छापलेले होते, आणि त्यात प्रत्येक घोडा कितवा यावा हा माझा अंदाज होता. अनुजाचा घोडा मी कितवा धरला होता आणि तो कितवा आला, एवढंच मांडून बघायचं. चौतीस शर्यतींपैकी एकोणीस वेळा तिने माझ्या अंदाजापेक्षा वरचा नंबर काढला होता. सहा वेळा बरोबर तोच. नऊ वेळा खालचा. एकूण चौतिसांतल्या चार शर्यती तर ती जिंकली होती, ज्यात काकांचे ऐंशी डॉलर गेले होते.

हे चांगलं होतं, पण स्टुअर्ड यावर थांबणार नाहीत हे मला माहीत होतं. ते विचारतील: बापाने निवडलेला घोडा ज्या शर्यतींत जिंकला, त्यांत मुलीने काय केलं? अशा शर्यती अकरा. पाचांत ती अंदाजाच्या वर, तीनांत बरोबर, तीनांत खाली. त्या तीन शर्यती मी पुन्हा पुन्हा बघितल्या. एकीत घोडा फाटक उघडल्यावर अडखळला, ते स्वच्छ दिसत होतं. दुसरीत शेवटच्या वळणावर पुढे तीन घोड्यांची भिंत झाली, वाट मिळाली नाही. तिसरीला कारण सापडेना. घोडा मी दुसरा धरलेला. मोकळी वाट, बरी जमीन. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अनुजाने चाबूक खाली घेतला, लगाम सैल सोडला आणि नुसती बसून राहिली. नववी आली.

बाहेरच्या माणसाला ते कसं दिसेल हे मला सांगायला नको होतं. मलाच तसं दिसत होतं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, असं मनाशी म्हणत होतो, आणि लगेच लक्षात यायचं की मी तिला मंडळाच्या गणपतीत चार-पाचदा बघितलंय, बस. काकांना ही तिसरी शर्यत मी सांगितली नाही. वैशालीला सांगितली. ती म्हणाली, "तिला विचार की." पण चौकशीआधी साक्षीदाराने तिच्याशी बोलू नये, अशी स्टुअर्डांची ताकीद होती. त्या आठवड्यात सबनीसांकडून फोन नाही, निरोप नाही. दर वर्षी त्यांच्याकडून येणारा फराळाचा डबाही आला नाही. वैशालीने भाजणी विकत आणली.

सुनावणीच्या दिवशी दुपारी काकांनी स्वतःहून फोन केला. "इथे येऊन बस. मला एकट्याला जमणार नाही." मी गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला होता. सुनावणी फोनवर होती, कोणी बघणार नव्हतं. काकूंनी न बोलता माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

मुख्य स्टुअर्डचा आवाज वयस्क आणि सावकाश होता. त्याने काकांना विचारलं, "मिस्टर सबनीस, तुमची मुलगी हरावी असं तुम्हाला वाटत होतं का?"

"नो सर. मला ते बघवत नाही, म्हणूनच तर." आणि त्यांनी पंप सांगायला घेतले. दाब, झडपा, एक बंद पडला तर दुसरा. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला, पण ते थांबेनात. पलीकडे कोणीतरी खाकरलं.

"तुम्ही हे मुलीला सांगितलं होतं?"

"नो सर. शी वुड बी अँग्री."

"ते आमच्या लक्षात आलंय," स्टुअर्ड म्हणाला.

मग माझी पाळी. आकडे मी जसे होते तसे सांगितले, खाली गेलेल्या नऊ शर्यतींसकट. तिसऱ्या शर्यतीपाशी आलो तेव्हा काका माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "या शर्यतीत घोडा अंदाजापेक्षा सात जागा खाली आला. कारण मला चित्रफितीत दिसत नाही."



"मिस सबनीस?" स्टुअर्ड म्हणाला.

अनुजाचा आवाज लगेच आला. "सर, दोनशे मीटरच्या खांबापाशी त्याची पावलं बदलली. पुढचा डावा पाय. मला खाली जाणवलं. मी चाबूक ठेवला आणि त्याला सांभाळून आणलं. उतरल्यावर मी व्हेटला दाखवलं होतं."

कागद चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग स्टुअर्डने वाचलं: शर्यतीनंतर त्याच मैदानावर पशुवैद्याने तपासणी केली होती. पुढच्या डाव्या पायाने लंगडत होता. त्यानंतर चार महिने घोडा शर्यतीत उतरलेला नाही. हे सगळं त्याच दिवशी नोंदलं गेलं होतं. अशा नोंदी प्रत्येक शर्यतीनंतर जाहीर होतात. आमच्या कामात त्या लागतात, पण मी तो घोडा पुढच्या आठवड्याच्या यादीतून गेलेला बघून तसाच पुढे गेलो होतो.

निकाल अर्ध्या तासाने आला. अनुजावर आरोप नाही. बंदी उठली. यापुढे घरच्यांपैकी कोणी पैसे लावतंय असं कळलं तर ताबडतोब सांगायचं, अशी लेखी सूचना. काकांवर त्यांचा अधिकार चालत नव्हता, पण स्टुअर्ड म्हणाला, "मिस्टर सबनीस, मला माझ्या मुलीचं पोहणं बघवत नसे. मी उठून बाहेर जायचो. तुम्हीही तसं करून बघा."

काकांनी टाय सैल केला. काकू आत गेल्या आणि चकल्यांचा डबा घेऊन आल्या. माझ्या पुढ्यात ठेवत म्हणाल्या, "नववी आली त्याचं कारण सापडत नाही, हे मला आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही फोन कुठे घेत होतात?"

"तू केलास कधी?" त्यांचं बरोबर होतं.

अनुजा मात्र बापाशी दोन आठवडे बोलली नाही. आईला फोन करायची आणि बाबांना देते म्हटलं की "लेटर" म्हणायची. काकांनी खातं बंद केलं. दोनशे चव्वेचाळीस डॉलरांचं काय करायचं यावर घरात रोज चर्चा चाले. ते घरात नकोत असं काकूंचं म्हणणं. देवाला द्यायचे म्हटलं तर तेही त्यांना पटेना, "देवाला असले कशाला?" मी सुचवलं की तिथे शर्यतीत जखमी झालेल्या जॉकींसाठी मदतनिधी असतो, त्याला द्या. काका म्हणाले, "आणि उद्या अनू पडली आणि त्यातले तिला मिळाले तर? पुन्हा तेच झालं ना?" हा माणूस आता कुठे नियम शिकला होता. शेवटी मी स्टुअर्डांच्या ऑफिसला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, चालेल, मात्र देणाऱ्याचं नाव कळवा. पैसे गेले.

मग एका संध्याकाळी अनुजाचा काकांनाच फोन आला. काकूंनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला एकदाही समोरून पाहिलेलं नाही. स्क्रीनवर बघता. कम अँड स्टँड अॅट द रेल, कठड्याशी." नोव्हेंबरअखेर दोघं गेले. तिकिटं काकांच्या पेन्शनमधून.

ज्या शनिवारी ती उतरणार होती, त्या मैदानाचा तक्ता नेहमीप्रमाणे माझ्याकडे होता. काकांनी आदल्या दिवशी मेसेज केला: "तिला किती धरलंस ते सांगू नकोस." मी सांगितलं नाही. सातवी धरली होती, अकरांत.

शुक्रवारी संध्याकाळी मी ती शर्यत ऑफिसातच बघितली. शर्यत संपल्यावर पाच मिनिटांत काकांचा फोन आला. मागे लाउडस्पीकर, वारा, कोणीतरी हसतंय. काका ओरडून बोलत होते.

"चौथी! बघितलंस? आतून आली, आतून! माझ्या अगदी समोरून गेली. जमीन हलते रे, स्क्रीनवर कळतच नाही. तुझी काकू तर बसलीच खाली गवतावर."

"छान घोडा काढला तिने, काका."

"ती म्हणते, चौथ्या नंबरालाही पैसे असतात. खरं का?"

"असतात. आणि स्वारीची फी वेगळी. शेवटचा नंबर आला तरी मिळते. प्रत्येक शर्यतीला, प्रत्येक जॉकीला."



"म्हणजे हरलं तरी?"

"हरलं तरी."

"हे तू मला मे महिन्यात का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, जड कोण."

ते हसले की काय झालं ते वाऱ्यात कळलं नाही. मग म्हणाले, "किती मिळतील नक्की? तू सांग, तुला आकडे पाठ असतात."

चौथ्या नंबराचं बक्षीस पंधराशे ऑस्ट्रेलियन डॉलर होतं. त्यातले पाच टक्के जॉकीचे, म्हणजे पंच्याहत्तर, आणि ठरलेली फी वेगळी. पुढच्या आठवड्यात ही रक्कम जमा झाली, अनुजा माधव सबनीस हिच्या खात्यात.